एस्तेरमावशी देवळात येत नाही

आमच्या मंडळीत कुणी नवीन माणूस आलं की त्याला दोन गोष्टी हळू आवाजात सांगतात. देवळाच्या विहिरीचं पाणी पिऊ नका, आणि ती परटवण्यातली एस्तेर नेवरेकर देवळात येत नाही. दुसरी गोष्ट सांगताना लोक चुकचुकतात. जणू बाईची श्रद्धा गेली, बाईनं देव सोडला. ते चुकचुकणं ऐकलं की माझं डोकं तडकतं. एस्तेर माझी सख्खी मावशी. ती देवळात का येत नाही ते मी डोळ्यांनी पाहिलंय आणि आज सांगणार आहे. गोड करून सांगणार नाही.

चर्चला आम्ही मराठी ख्रिस्ती लोक देऊळच म्हणतो. आमचं देऊळ टेकाडावर आहे, जांभ्या दगडाचं, लहानसं. त्याच्या खालच्या अंगाला मावशीचं घर. मधे पाखाडी, चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट. देवळाची घंटा वाजली की मावशीच्या चुलीपाशी ऐकू येते, इतकं ते जवळ. मावशीचा बाप्तिस्मा त्याच देवळात झाला, लग्न तिथंच झालं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस देतात त्या विधीच्या, मेजावरचं पांढरं कापड तिनं शिवलेलं. ती शिवणकाम करायची, लोकांचे ब्लाऊज, शाळेचे गणवेश. संडेस्कूलला तिनं आमच्या दोन पिढ्यांना गाणी शिकवली आणि मारही दिला. गाण्याची पहिली ओळ तिनं उचलली नाही तर आमची मंडळी नुसती घसा खाकरत बसायची.

तिचे यजमान शांतवनकाका एसटीत ड्रायव्हर होते. पालीवरून आंबा घाटानं कोल्हापूरला जाणारी गाडी त्यांच्याकडे वर्षानुवर्षं. माणूस शांत, नावासारखा. रविवारी ड्यूटी नसली की धुतलेला सदरा घालून देवळात, आणि ड्यूटी असली की गाडी सुरू करायच्या आधी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून क्षणभर डोळे मिटायचे. त्यांचा कंडक्टर गंगाराम कदम शेजारीच राहायचा. तो बौद्ध. तो म्हणायचा, "शांतवनाचे डोळे उघडल्याशिवाय मी घंटी मारत नाही."

१९९८ च्या नोव्हेंबरात, रविवारीच सकाळी, काका देवळात जाण्यासाठी दाढी करत होते. वस्तरा हातातून पडला. मावशी स्वयंपाकघरातून धावत आली तोवर ते खाली कोसळले होते. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. सिव्हिल हॉस्पिटलमधून काही आठवड्यांनी घरी सोडलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आता असंच राहणार.

सुरुवातीला मंडळी आली. बिस्किटांचे पुडे आले, केळी आली, उशाशी प्रार्थना झाल्या. जुने पाळक, म्हणजे आमचे पाद्रीसाहेब, म्हातारे होते, तरी काठी टेकत पाखाडी उतरून यायचे आणि काकांच्या खाटेवर बसून त्यांना प्रभुभोजन द्यायचे. मग माणसं कमी झाली. मग थांबली. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. नुसती यायची थांबली. मला विचाराल तर भांडलेलं बरं.

मावशीला घर सोडता येत नव्हतं. ती डोळ्याआड झाली की काका घाबरे व्हायचे, घाबरले की ठसका लागायचा, लाळ घशात जायची. एकदा ती विहिरीवरून परत येईस्तोवर त्यांचे ओठ निळे पडले होते. मी तेव्हा कोल्हापूरला एका इस्पितळात नर्स होते. जमेल तशी सुट्टी काढून यायची. रोजचा आधार गंगारामकाकांचा. ते निवृत्त झाले होते. संध्याकाळी येऊन खाटेपाशी बसायचे आणि मोठ्यानं स्टॉप पुकारायचे. "हातखंबा! पाली! नाणीज! साखरपा!" आंबा घाट आला की शांतवनकाका डाव्या हातानं हवेत गिअर बदलायचे आणि गालातल्या गालात हसायचे. मलकापूर येईपर्यंत त्यांना झोप लागायची. हे मंडळीच्या कुठल्याही पंचाला, म्हणजे कारभाऱ्याला, दिसलं नाही, कारण कुणी आलंच नाही.

२००० चा नाताळ मला आठवतो. नाताळात आमची पोरं गाणी म्हणत घरोघर फिरतात. मावशीनं आदल्या दिवशी करंज्या केल्या, काकांना नवा सदरा घातला, खाट उचलून पडवीत आणली. अंधार पडता पडता वरच्या घरासमोर गिटार वाजली, गाणं झालं, टाळ्या झाल्या. काका उशीवरून मान उचलून बघत होते. मग आवाज पाखाडीच्या तोंडापाशी आला, थोडा थांबला आणि दुसऱ्या वाटेनं निघून गेला. नंतर विचारलं तर कळलं, पंचांनी पोरांना सांगितलं होतं, आजारी माणूस आहे, तिथं गोंगाट नको. आजारी माणूस तासभर मान उचलून वाट बघत होता!

मावशीनं करंज्यांचं ताट उचललं आणि शेजारी नेऊन दिलं. गंगारामकाकांची मुलगी आम्रपाली शाळेत शिक्षिका होती. मावशी तिला म्हणाली, "उद्या तुझ्या शाळेतल्या पोरांना वाट. आमच्या पोरांना रस्ता सापडला नाही."

पुढच्या वर्षी जुने पाळक निवृत्त झाले आणि अनुग्रह पारखे आले. नगरकडचे, तिशीतले, आवाज खणखणीत. आल्या आल्या त्यांनी एक गोष्ट धरली, रविवारची हजेरी. अर्धे बाक रिकामे दिसतात, हे त्यांना लागलं. लागावं. पण त्या बाकांवर कोण बसायचं आणि ते माणूस आता कुठं आहे, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. आमच्या पंचमंडळीचे प्रमुख भास्करराव खरमाळे. कोर्टात जन्म घालवलेले. त्यांना माणसापेक्षा नियम जवळचा. त्यांना हा पाळक फार आवडला. दोघांनी मिळून ठराव करून घेतला, जो वर्षभर प्रभुभोजनाला आला नाही तो चालू सभासद नाही.

आणि मग ते दोघे मावशीकडे आले. मी सुट्टीवर होते. मावशी काकांना पेज भरवत होती. दोघे पडवीत उभे राहिले.

"सलाम, बाई," खरमाळे म्हणाले. "पुष्कळ दिवसांत दिसला नाहीत."

"मी घर बदललेलं नाही, भास्करराव."

पारखे म्हणाले, "एस्तेरबाई, आजारपण सगळ्यांच्या घरी असतं. पण संसाराच्या अडचणी पुढे करून प्रभूचं घर टाळू नये. पुढं सवय लागते."

"कसली?"

"न येण्याची."

मावशीनं पेजेची वाटी खाली ठेवली. "आत या. ह्यांना बघा. मी नजरेआड झाले की ह्यांचा श्वास अडकतो. आता तुम्हीच सांगा, मी कशी येऊ?"

पारखे उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथूनच त्यांनी आत बघितलं. पायात बूट होते. आत यायचं म्हणजे नाड्या सोडाव्या लागल्या असत्या. मी त्यांच्या पायांकडेच बघत होते, म्हणून सांगते.

मावशी म्हणाली, "मी येऊ शकत नाही तर प्रभुभोजन इथं आणा. आधीचे पाळकसाहेब आणत होते."

पारख्यांनी खरमाळ्यांकडे बघितलं. खरमाळ्यांनी घसा साफ केला. पारखे म्हणाले, "तुमचं ठीक आहे. पण यांना समजतं का? आपण काय घेतोय ते ज्याला कळत नाही, ज्याला आपलं पाप तोंडानं कबूल करता येत नाही, त्याला कसं द्यायचं?"

काकांना सगळं समजत होतं. वाचा गेली होती, अक्कल नाही. त्यांनी हळूहळू मान भिंतीकडे फिरवली. ती फिरवलेली मान मी मरेपर्यंत विसरणार नाही. आयुष्यभर ज्या माणसानं कुणाला हॉर्नसुद्धा रागानं मारला नाही, त्यानं कुठलं पाप ओरडून सांगायचं होतं?

"चालते व्हा," मावशी म्हणाली.

"बाई, तुम्ही पाळकांशी बोलताय," खरमाळे म्हणाले.

"कळलंय मला. चालते व्हा."

ते गेले. मावशीनं पेज परत गरम केली आणि काकांना भरवली. भरवता भरवता ती देवाशी बोलत होती, नेहमीसारखी, मोठ्यानं. मावशीची प्रार्थना म्हणजे भांडणच असायचं. त्या दिवशी ती म्हणाली, "देवा, ऐकतोस ना? का तूपण पंचमंडळीत गेलास?"

तरी ती देवळात गेली. हे लोक विसरतात, म्हणून ठासून सांगते. त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्रपाली म्हणाली, "काकी, हा रविवार आमच्यावर सोपवा. बाबा आणि मी दोघं बसतो काकांपाशी. हल्ली बाबा असले की काका घाबरत नाहीत. तुम्ही जा." मावशी ऐकेना. पण काकांनी डाव्या हातानं तिला जा, जा अशी खूण केली. मग तिनं पेटीतली पांढरी साडी काढली. मी आले होतेच. आम्ही दोघी पाखाडी चढलो. तिला धाप लागली होती, पण ती मधे थांबली नाही.

महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणजे प्रभुभोजनाचा. मावशी आपल्या नेहमीच्या बाकावर जाऊन बसली. पहिलं गाणं तिनं उचललं तेव्हा पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या यमुनाबाईंनी मागे वळून बघितलं आणि त्यांचे डोळे भरले. मला वाटलं, झालं, सगळं जागच्या जागी येणार.

उपदेशाला पारख्यांनी हरवलेल्या मेंढराचा दाखला, बायबलातली ती गोष्ट, घेतला. आधीपासून ठरला होता की मावशीला बघून सुचला, देव जाणे. कळप सोडून गेलेलं मेंढरू कसं आपल्या हट्टानं काट्याकुट्यांत जातं, कळपाची संगत कशी त्याला नकोशी होते, असं ते रंगवून सांगत होते आणि त्यांची नजर घडी घडी आमच्या बाकावर येत होती. माना वळायला लागल्या. मी मावशीचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि ती उभी राहिली.

"पाळकसाहेब, एक विचारू?"

आमच्या देवळात उपदेशाच्या मधे कुणी खोकतही नाही.

"त्या मेंढपाळानं मेंढराला निरोप धाडलान काय, की तुझी हजेरी कमी भरते?"

पारख्यांनी खाली पुस्तकाच्या पानाकडे बघितलं.

"नाही ना? तो उठला. नव्याण्णव तिथंच टाकलीन आणि गेला. काटे त्याच्या पायांत गेले. खांद्यावर घालून आणलंन त्याला. तुम्ही नुसत्या मेंढराच्या चुका सांगताय. मेंढपाळ कुठं गेला तुमच्या दाखल्यातला? माझं घर ह्या खिडकीतून दिसतं. जुने पाळकसाहेब सोडून तीन वर्षांत ही पाखाडी कोण उतरलं, ते उभं राहून सांगा."

खरमाळे उठले, "बाई, खाली बसा."

"बसते. आशीर्वाद झाल्याशिवाय मी कधी देऊळ सोडलेलं नाही," असं म्हणून ती बसली.

मग प्रभुभोजन. लोक ओळीनं पुढे जाऊन कठड्यापाशी गुडघे टेकतात आणि पाळक एकेकाच्या हातावर भाकर ठेवत जातात. मावशीनं गुडघे टेकले. मी तिच्या शेजारी. पारखे आमच्यापर्यंत आले तेव्हा खरमाळे त्यांच्या कानाशी लागले. मला शब्द ऐकू आले. "चालू सभासद नाहीत. शिवाय आत्ता जे झालं त्याचा आधी समेट." पारख्यांचा हात थांबला. मावशीचे तळवे पुढे पसरलेले होते, एकावर एक, लहानपणी शिकवतात तसे. पारखे तिला वगळून पुढे सरकले आणि माझ्यासमोर आले. मी हात मागे घेतले.

त्या मेजावरचं कापड तिच्या हातचं होतं. त्या माणसाची बोटं त्याच कापडाला लागत होती.

मावशी उठली नाही. ओळ संपेपर्यंत तशीच गुडघ्यांवर राहिली. मग आशीर्वाद झाला, तिनं आमेन म्हटलं आणि आम्ही बाहेर पडलो. पाखाडीच्या मध्यावर ती मटकन पायरीवर बसली.

"मला भूक लागली होती गो, रूथ," ती म्हणाली. "तीन वर्षांची भूक."

मी म्हटलं, "मावशी, देव काय देवळातच असतो? तू घरी प्रार्थना करतेस, ती काय त्याला पोचत नाही?"

ती अशी कडाडली की पाखाडीवरून जाणारा एक कोळी टोपली सावरून बघायला लागला. "तूपण तेच? देव घरी असतो हे मला शिकवू नको. मी त्याच्याशी रोज भांडते, तो आहे म्हणूनच भांडते. पण मला माणसं हवीत! एकटीनं गाणं म्हणून बघ एकदा, घशात अडकतं. एकटीनं भाकर मोडून बघ. देऊळ नको असं मी कधी म्हटलं? देवळानं मला नको म्हटलं. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि उद्या तुला कुणी विचारलं तर नीट सांग."

म्हणून मी नीट सांगते आहे.

त्यानंतर ती गेली नाही. रविवारी घंटा झाली की ती देवळाकडची खिडकी उघडायची. वरचं गाणं वाऱ्यानं तुटक तुटक खाली यायचं. ते धरून ती गायची, आणि शांतवनकाका शब्दांशिवाय सूर लावायचे. सूर बरोबर असायचा. पवित्र शास्त्रातलं एखादं स्तोत्र ती वाचायची. गंगारामकाका आणि आम्रपाली कधी असले तर गप्प बसून ऐकायचे. त्यांनी कधी विचारलं नाही की तुम्ही वर का जात नाही. त्यांना दिसत होतं.

२००४ च्या मे महिन्यात, एका शनिवारी दुपारी, काका गेले. मावशीचा हात त्यांच्या छातीवर होता. मी कोल्हापूरहून निघून पोचले तेव्हा गंगारामकाकांनी मिरकरवाड्याच्या जेटीवरून बर्फाच्या लाद्या आणवल्या होत्या आणि आम्रपालीचा भाऊ राजेंद्र सुताराकडे शवपेटीच्या मागे लागला होता. संध्याकाळी खरमाळे आले. एकटे. पारखे आले नाहीत.

खरमाळ्यांनी आधी दोन शब्द दुःखाचे काढले, मग मुद्द्यावर आले. "उद्या रविवार. उपासना आहे, तेव्हा देवळात आणायला नको. दुपारी परस्पर दफनभूमीत न्या. पाळकसाहेब तिथं प्रार्थना करतील."

मावशीनं मान वर केली नाही. मी म्हटलं, "उपासनेनंतर देवळात आणू."

"तसं करता येत नाही गो. चालू सभासद नव्हते ते. आणि आणखी एक, त्यांच्या आईवडिलांशेजारी जागा मागाल, पण ती ओळ सभासदांची. कुंपणाच्या कडेला खड्डा घ्यायला सांगितलाय."

मी तोंड उघडणार होते. मावशीनं मला हातानं थांबवलं. "बरं," एवढंच ती म्हणाली. खरमाळे जरा चकित झाले आणि गेले. तिचं "बरं" मला ओळखीचं होतं.

सकाळी तिनं काकांना धुतलेला सदरा घातला. पेटी आली होती, साधी फणसाच्या फळ्यांची. काकांच्या डेपोतली माणसं जमली होती, ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपमधले. घंटा झाली तशी मावशी उठली आणि गंगारामकाकांना म्हणाली, "भावोजी, चला. ह्यांना देवळात न्यायचंय."

गंगारामकाकांनी वर देवळाकडे बघितलं. "वहिनी, उपासना चालू असेल."

"म्हणूनच आत्ता."

त्यांनी पुढचा खांदा घेतला. पाखाडीवर पेटी तिरकी व्हायची, राजेंद्र खालून सावरायचा. सगळे घामानं थबथबले होते. वर पोचल्यावर चपला बाहेर काढल्या आणि दुसरं गाणं चालू असताना आम्ही दारातून आत शिरलो. गाणं मागच्या बाकापासून पुढपर्यंत एकेक आवाज करत बंद पडलं. मधल्या वाटेनं पेटी नेली आणि कठड्यासमोर ठेवली.

खरमाळे धावत आले. "हे काय चाललंय? काल ठरलं होतं!"

मावशी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती पारख्यांकडे बघत होती. तिचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच तो मला सहन झाला नाही.

"पाळकसाहेब, आज रविवार. शांतवन नेवरेकर देवळात आलेत. हजेरी लावा."

मग पुढच्या बाकावरून यमुनाबाई उठल्या. त्यांना धड उभं राहवत नव्हतं. त्यांनी बाकाची पाठ धरून मरणाच्या वेळी आम्ही म्हणतो ते जुनं गाणं सुरू केलं, फाटक्या आवाजात, वरच्या पट्टीत. त्यांच्या मागे एक बाई, मग दोन, मग सगळं देऊळ. मला रडू आलं, आणि रडतानासुद्धा मी चिडलेली होते. इतकी माणसं होती! इतके आवाज होते! ह्यातले चार आवाज खाली घरात आले असते, तर त्या माणसाला भिंतीकडे तोंड करून पडावं लागलं नसतं.

पारखे खाली उतरले. त्यांनी पेटीवर हात ठेवला. म्हणाले, "एस्तेरबाई, मी यायला पाहिजे होतं. मी..."

"आत्ता ते नको," मावशी म्हणाली. "आत्ता ह्यांच्यासाठी प्रार्थना करा."

त्यांनी केली. आवाज खणखणीत राहिला नव्हता.

दफनभूमीत खड्डा कुंपणाच्या कडेलाच होता. गंगारामकाकांनी तो बघितला आणि पेटी काकांच्या आईवडिलांशेजारी नेऊन ठेवायला लावली. डेपोतल्या माणसांनी पहारी घेतल्या आणि तिथं नवा खड्डा खणायला सुरुवात केली. कातळ लागला, ठिणग्या उडत होत्या. खरमाळे छत्री घेऊन नको, नको म्हणत उभे होते. कुणी ऐकलं नाही. पारख्यांनी झगा काढला आणि मातीची घमेली उचलायला लागले. लोकांना त्याचं फार कौतुक वाटलं, अजून सांगतात. मला नाही वाटलं. मेलेल्यासाठी घमेलं उचलायला काय लागतं?

मंडळीला वाटलं, आता बाई मोकळी झाली, आता येईल. काहीजणी बोलवायलाही आल्या, पाखाडी उतरून! मावशीनं त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं.

त्या पावसाळ्यात यमुनाबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, अंथरूण धरलं. त्या खालच्या आळीत मुलाकडे राहायच्या. पहिल्याच रविवारी सकाळी मावशी त्यांच्या दारात हजर. मुलगा सदू आणि त्याची बायको आईपाशी बसून होते. मावशीनं त्यांना उठवलं.

"घंटा व्हायची वेळ झाली. देवळात जा."

"मावशी, आईला कोण बघेल?" सदू म्हणाला.

"मी कशाला आले, गप्पा मारायला? जा म्हटलं! आणि गाणं मोठ्यानं म्हणा. यमुनाबाई इथं पडून, आता तिथं कोण उचलणार?"

तेव्हापासून तिचा रविवार ठरून गेला. कधी यमुनाबाई, कधी अंथरुणाला खिळलेलं आणखी कुणी. उपासनेच्या वेळी मावशी त्यांच्यापाशी आणि घरची माणसं देवळात. कुणी आळस केला, टीव्ही लावून बसलं, तर ती त्यांना अक्षरशः घराबाहेर काढायची. आमच्या देवळाचे रिकामे बाक कुणी भरले असतील तर ह्या देवळात न येणाऱ्या बाईनं. पारख्यांच्या सगळ्या उपदेशांनी मिळून तेवढं झालं नाही.

तो ठराव अजून रद्द झालेला नाही. खरमाळे २००६ मध्ये गेले. त्यांची पेटी देवळात फुलांनी झाकली होती, भाषणं झाली, लोक त्यांना निष्ठावंत सेवक म्हणाले. त्यांनी मावशीची माफी कधी मागितली नाही. मावशी त्या दिवशी दफनभूमीत येऊन मागे उभी राहिली, मूठभर माती टाकली आणि निघून गेली. मी गेले नाही.

२००७ मध्ये पारख्यांची बदली झाली. जायच्या आदल्या आठवड्यात ते मावशीच्या पडवीत आले. मी घरातच होते. म्हणाले, "एस्तेरबाई, येत्या रविवारी माझी शेवटची उपासना. तुम्ही या. मी तुमच्या हातावर भाकर ठेवल्याशिवाय गेलो तर मला जन्मभर..."

"तुमच्या जन्मभराचं मला काय सांगता?" मावशी म्हणाली. "रविवारी मी यमुनाबाईंकडे असते. सदूच्या सासरी बारसं आहे, ते दोघं देवळातून तसेच पुढे पूर्णगडला जाणार. मला वेळ नाही."

पारखे पायरीपर्यंत गेले आणि वळले. मग म्हणाले, "उपासना झाली की मी तिकडे आलो तर?"

मावशीनं सूप पुढे ओढलं आणि तांदूळ निवडायला लागली. नाही असं म्हणाली नाही.

रविवारी ते आले. निरोपाचे हार गाडीत टाकून, ऊन डोक्यावर घेऊन, हातात प्रभुभोजनाची लहान पेटी. यमुनाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. मावशी त्यांच्या पायाशी, मी दाराशी. पारख्यांनी खाटेशेजारी स्टुलावर कापड पसरलं, भाकर ठेवली, प्याला ठेवला. मग उभे राहिले, घसा साफ केला आणि बोलायला लागले, त्या देवळातल्याच आवाजात, "प्रिय भगिनींनो, आज या प्रसंगी माझं मन..."

"पाळकसाहेब," मावशी म्हणाली, "भाषण नको. बाई दमल्यात. द्या."

त्यांनी भाकर मोडली. आधी यमुनाबाईंच्या हातावर ठेवली, मग माझ्या. मग मावशीसमोर आले. तिनं तळवे पुढे केले, पण डोळे मिटले नाहीत. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि त्यांनी भाकर ठेवेपर्यंत नजर काढली नाही.